वर्ग सुटल्यानंतरची शाळा पाहा
निवासी शाळा निवडताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सह-शिक्षणाच्या स्वतंत्र, खासगी निवासी शाळांबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रांतली मुलं 12 ते 16 या वयातली आहेत. तेच वय गृहीत धरून उत्तरं दिली आहेत.

आम्ही तीन शाळा पाहून आलो. तिन्हींची ग्रंथालयं, मैदानं, प्रयोगशाळा उत्तम. निकालही जवळपास सारखे. मुलगा 13 वर्षांचा आहे. आता निवड कशाच्या आधारे करायची?
– मुलाचे वडील

तुम्ही तिन्ही शाळा दिवसाउजेडी पाहिल्या असणार, आणि बहुधा पालकांसाठी मुद्दाम ठेवलेल्या दिवशी. अशा दिवशी सगळ्याच चांगल्या शाळा सारख्या दिसतात. आठवड्याचे तास 168. त्यांतले वर्गात जातात फार तर 35. उरलेल्या वेळात मुलगा झोपणार, जेवणार, खेळणार, भांडणार, कंटाळणार, कधी आजारी पडणार. निवासी शाळेची निवड या उरलेल्या तासांवरून करायची. निकाल सारखेच असतील तर तेवढाच फरक उरतो.

म्हणून एखाद्या साध्या कामाच्या दिवशी संध्याकाळी पाचला येतो आणि नऊपर्यंत थांबतो, असं शाळेला कळवा. मुलांच्या झोपण्याच्या खोल्यांत ठरावीक वेळीच सोडतात. ते योग्यच आहे, मुलांनाही आडपडदा हवा असतो. पण जेवणघर, संध्याकाळचा अभ्यास आणि कॉमन रूम दाखवायलाही टाळाटाळ होत असेल, तर ती शाळा यादीत खाली ढकला.

आधी हॉस्टेलचं वेळापत्रक मागून घ्या आणि झोपेचा हिशोब करा. 13 ते 18 या वयात रोज 8 ते 10 तास झोप लागते. शिवाय या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढतं, त्यामुळे लवकर आडवं केलं तरी लवकर डोळा लागतोच असं नाही. दिवे सव्वादहाला बंद आणि व्यायामाची घंटा साडेपाचला असेल, तर कागदावर सव्वासात तास होतात. कुजबुज, कूस बदलणं वजा केलं तर साडेसहाच्या आसपास. सहा दिवस हे असंच चाललं की पहिल्या तासाला मूल डुलक्या घेतं आणि गणित कच्चं असल्याचा शेरा मिळतो.

मग न्हाणीघरं मोजा. 24 मुलांमागे चार शॉवर आणि सकाळचा अर्धा तास, म्हणजे एकेकाच्या वाट्याला पाच मिनिटं. गरम पाणी शेवटच्या मुलापर्यंत पुरतं का, ते मुलांनाच विचारा. रात्रीचं जेवण सातला असेल तर झोपेपर्यंत तीन तास जातात. वाढत्या वयाच्या मुलांना नऊला पुन्हा भूक लागते, तेव्हा काय मिळतं? काहीच मिळत नसेल तर मुलं कपाटात बिस्किटांचे पुडे साठवतात, आणि मग त्यावरूनच चोऱ्या नि भांडणं होतात.

अभ्यासाच्या तासाला समोर कोण बसतं, तेही पाहा. नुसती शांतता राखायला कुणी बसवलं असेल तर अडलेलं गणित अडलेलंच राहतं. आठवड्यातून निदान दोन-तीन संध्याकाळी मुख्य विषयांचे शिक्षक तिथे सापडायला हवेत.

सगळ्यांत मोलाचा प्रश्न मात्र मुख्याध्यापकांना विचारू नका. तिथल्या एखाद्या सातवी-आठवीतल्या मुलाला विचारा : ‘रात्री दोनला पोटात दुखायला लागलं तर कुणाचं दार वाजवतोस?’ त्याने पटकन एक नाव घेतलं आणि कुठली खोली ते दाखवलं, तर हॉस्टेल नीट चाललं आहे. तो इकडेतिकडे बघायला लागला, किंवा ‘सकाळपर्यंत थांबतो’ म्हणाला, तर बाकीच्या सोयींचं कौतुक थोडं बाजूला ठेवा. प्रत्येक इमारतीत रात्री झोपणारी जबाबदार मोठी व्यक्ती हवी. फाटकावरचा पहारेकरी त्यात धरू नका. हाऊसमास्टर (हॉस्टेल सांभाळणारे शिक्षक) किंवा वॉर्डन किती वर्षांपासून आहेत हेही विचारा. दरवर्षी माणूस बदलत असेल तर मूल कुणाशीच मनातलं बोलत नाही.

आणि शनिवार. शनिवारी रात्री प्रत्यक्षात किती मुलं मागे राहतात, असा आकड्यात प्रश्न करा. काही शाळांत निम्म्याहून जास्त मुलं आठवड्याच्या शेवटी घरी जातात. अशा ठिकाणी लांबून आलेलं मूल रिकाम्या इमारतीत दोन दिवस काढतं. तुमचं घर प्रवासाला एक दिवस लागेल इतकं लांब असेल, तर सगळी मुलं सत्रभर राहतात अशीच शाळा बघा.

मुलीसाठी पाहिलेली शाळा अनेक वर्षं फक्त मुलांची होती, अलीकडे मुलींना प्रवेश देऊ लागली आहे. नाव मोठं आहे. पाठवावं का?
– 14 वर्षांच्या मुलीची आई

अशा शाळा बऱ्याच आहेत. इंग्लंडमधली बेडेल्स 1893 मध्ये मुलांसाठी सुरू झाली आणि तिने 1898 मध्येच मुलींना घेतलं. त्या काळात हे विरळच होतं. 1934 मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटलंडच्या गॉर्डनस्टननं मुलींना घेतलं ते 1972 मध्ये. दार उघडल्यानंतर शाळा खरोखर दोघांची व्हायला वेळ लागतो. तो वेळ तुमच्या मुलीच्या वर्षांतून जाणार असेल, तर आधीच माहीत असलेलं बरं.

संपूर्ण शाळेतलं मुलींचं प्रमाण विचारून फारसं कळत नाही. तिच्याच इयत्तेत किती मुली आणि त्यांतल्या हॉस्टेलला किती, हे विचारा. पूर्ण शाळेत 40 टक्के मुली असल्या तरी त्या बहुतेक वरच्या दोन वर्गांत असू शकतात, आणि 14 वर्षांच्या गटात निवासी मुली असतात जेमतेम पाच. पाचांत दोघींची घट्ट मैत्री झाली आणि एकीशी बिनसलं, की उरतं काय? तिच्या इयत्तेत निवासी मुली निदान दहा-बारा तरी असाव्यात, असं आमचं मत आहे. त्याहून कमी असतील तर एक वर्ष थांबणं बरं.

बाकी गोष्टी प्रत्यक्ष फिरूनच कळतात. मुलींची इमारत वेगळी, की एकाच इमारतीत मजले वेगळे? मजले वेगळे असतील तर जिन्याचं दार रात्री कसं बंद होतं? ते आग लागल्यावर आतून उघडलंच पाहिजे. कुलूप घातलेलं दार ही सुरक्षा नव्हे, तो सापळा आहे. आगीचा सराव रात्रीच्या वेळीही होतो का, शेवटचा कधी झाला, हे विचारा. मैदानाजवळ मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का? पॅड कुठे मिळतात, टाकायची सोय प्रत्येक स्वच्छतागृहात आहे का, की त्यासाठी मेट्रनच्या, म्हणजे हॉस्टेलची देखभाल करणाऱ्या बाईंच्या, खोलीत जाऊन मागावं लागतं? संध्याकाळी चांगलं मैदान कुणाला मिळतं? खेळाच्या प्रशिक्षकांत स्त्रिया किती? शाळेने मुलींचा विचार किती केला आहे, ते या असल्या बारीकसारीक गोष्टींत दिसतं.

मुलामुलींच्या मैत्रीचे नियम लेखी मागा आणि ते दोघांना सारखेच लागू आहेत ना ते तपासा. एकाच प्रसंगात मुलीला घरी पाठवतात आणि मुलाला ताकीद देऊन सोडतात, असं जिथे होतं तिथे मुली तक्रार करायलाच पुढे येत नाहीत. छेडछाड किंवा रॅगिंगची तक्रार कुणाकडे करायची, ती किती वेळात नोंदवली जाते, पालकांना कधी कळवतात, आणि शाळेबाहेरच्या कुणाला फोन करायचा असेल तर तो क्रमांक हॉस्टेलच्या भिंतीवर लावलेला आहे का, हे पाहा. मोठ्या वर्गातल्या प्रीफेक्टना, म्हणजे शाळेने नेमलेल्या विद्यार्थी-प्रमुखांना, लहानांना शिक्षा करायचा अधिकार असेल तर ते आम्ही धोक्याचं मानतो, मग परंपरा कितीही जुनी असो.

फी एकदम भरली की प्रश्न संपतो, असं एका परिचितांनी सांगितलं. खरं का?
– एक पालक

नाही. माहितीपुस्तिकेतला आकडा शिकवणं, राहणं आणि जेवण एवढ्याचाच असतो. गणवेश, कपडे धुणं, परीक्षेची फी, वाद्यांचे तास, सहली, औषधं, सुट्टीतला प्रवास हे सगळं वेगळं. अंदाज विचारलात तर गोल उत्तर मिळतं. त्याऐवजी त्याच इयत्तेतल्या एका विद्यार्थ्याचं मागच्या पूर्ण वर्षाचं बिल नाव झाकून दाखवा, अशी विनंती करा. गेल्या पाच वर्षांचे फीचे आकडेही मागा. त्यावरून शेवटच्या वर्षी किती भरावे लागतील याचा अंदाज बांधता येतो.

करारातलं एक कलम नीट वाचा : मूल काढायचं असेल तर किती आधी कळवायचं. बऱ्याच स्वतंत्र शाळांत पूर्ण एका सत्राची लेखी सूचना लागते, नाहीतर पुढच्या सत्राची फी भरावी लागते. नवं मूल पहिल्याच सत्रात रुळलं नाही की हे कलम अंगावर येतं. तोंडी सांगितलेलं किंवा हाऊसमास्टरला मेसेज केलेलं सूचना म्हणून धरत नाहीत. डिपॉझिट परत मिळतं की शेवटच्या बिलात वळतं होतं, लांबलेल्या आजारपणात किंवा शाळेने काढून टाकल्यास पैशांचं काय होतं, हेही सही करण्याआधीच विचारा.

स्वतंत्र शाळा म्हणजे तिच्यावर देखरेख नाही असं नव्हे. शाळा विश्वस्त संस्थेची आहे की एका मालकाची, संचालक मंडळात बाहेरची माणसं आहेत का, तपासणीचा शेवटचा अहवाल कधीचा आहे, ते पाहा. अहवालात राहण्याच्या सोयींवर वेगळा भाग असेल तर तो आधी वाचा. पटसंख्या सलग तीन वर्षं घसरत असेल तर कारण विचारायला संकोच नको. मुलं कमी झाली की आधी कात्री लागते ती संध्याकाळच्या माणसांना.

कोणत्या इयत्तेत घालणं सोयीचं?
– एक आजी

जिथे शाळा स्वतःच नवी तुकडी घेते त्या वर्षी. तेव्हा सगळेच नवखे असतात. दोन वर्षांच्या परीक्षा-अभ्यासक्रमाच्या मध्यात मात्र अजिबात नको. एकाच परीक्षेसाठीही शाळा वेगवेगळी मंडळं आणि वेगळी पुस्तकं निवडतात, त्यामुळे अर्धा भाग दोनदा होतो आणि अर्धा राहूनच जातो. सोळाव्या वर्षी प्रवेश घेत असाल तर अभ्यासक्रमाचा पिंड पाहा. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट (आयबी) या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या डिप्लोमात सहा विषय, 4000 शब्दांपर्यंतचा निबंध आणि वर्गाबाहेरचे उपक्रम असतात. ए-लेव्हल या ब्रिटिश अभ्यासक्रमाला साधारण तीनच विषय, पण खोलात. ज्याला गणित-विज्ञान सोडून दुसरं काही नकोच, त्याला आयबीतली दुसरी भाषा जड जाते. ज्याला अजून काहीच ठरवता येत नाही, त्याने तीनच विषयांत स्वतःला अडकवून घेऊ नये.

मुलगा जायला तयार आहे, पण ‘नाही आवडलं तर न्यायला याल ना?’ असं सारखं विचारतो. हो म्हणावं का?
– मुलाची आई

असा सौदा करू नका. तो हळवेपणाने विचारतोय आणि तुम्ही मायेने हो म्हणाल. पण मग पहिल्या वाईट संध्याकाळी तो रुळण्याची धडपड सोडून फोनपाशी जाईल. शिवाय आपल्याला जमणार नाही असं आईबाबांनाही वाटतं, हे त्याला न बोलता कळतं. त्याऐवजी सांगा : ‘पहिले काही आठवडे घरची आठवण येईल, ती सगळ्यांनाच येते. अमुक तारखेला सुट्टीत घरी येशील, तेव्हा आपण बसून बोलू.’ ती तारीख त्याच्या वहीत लिहून द्या. जाण्याआधी दोन-चार रात्री नातेवाइकांकडे एकट्याने राहू द्या. अंथरूण घालणं, कपड्यांवर नाव घालणं, पैशांचा हिशोब ठेवणं घरीच शिकवा.

फोन रोज नको. आठवड्यातून दोन-तीनदा, ठरलेल्या वेळी आणि झोपायच्या तोंडावर नाही. रात्री साडेनऊच्या फोनवर मूल रडतं, फोन ठेवून झोपी जातं आणि आईबाप मात्र पहाटेपर्यंत जागे राहतात. शाळा रात्री फोन काढून घेत असेल तर तक्रार करू नका, ते मुलाच्या झोपेसाठीच आहे. फक्त तातडीच्या वेळी तुमच्यापर्यंत पोहोचायची वाट उघडी असायला हवी.

घरची आठवण दिवसा खेळताना विसरली जाते आणि काही आठवड्यांत ओसरते. ती ओसरण्याऐवजी वाढत असेल, मूल जेवत नसेल, एखाद्या ठरावीक खोलीत किंवा ठरावीक मुलाजवळ जायला टाळत असेल, वस्तू वारंवार ‘हरवत’ असतील, तर तो रुळण्याचा प्रश्न उरत नाही. अशा वेळी सुट्टीची वाट बघू नका, स्वतः जाऊन भेटा.

मुलीला दमा आहे. प्रवेशअर्जात लिहिलं तर नाकारतील का, अशी भीती वाटते.
– एक पालक

लिहाच. लपवलंत आणि रात्री झटका आला, तर समोरच्या माणसाला काय करायचं तेच कळणार नाही. डॉक्टरांकडून एक पान करून घ्या : रोजचं औषध, झटक्याची लक्षणं, इनहेलरचे किती पफ, किती वेळाने पुन्हा, आणि रुग्णालयात कधी हलवायचं. त्याच्या प्रती हॉस्टेलला, परिचारिकेला आणि खेळाच्या शिक्षकांना द्या. परिचारिका रात्री आवारात असते का, आणि नसेल तर रात्री गाडी व चालक असतात का, हे विचारा. रोजच्या गोळ्या शाळेने कुलपात ठेवल्या तरी हरकत नाही, पण झटक्याचा इनहेलर मुलीच्या जवळच राहील हे लेखी ठरवून घ्या आणि दुसरा हॉस्टेलमध्ये ठेवा. खोली ओलीची किंवा गालिच्याची नको. एकत्र राहणाऱ्या किशोरवयीनांत मेनिंगोकॉकल आजार (मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकणारा गंभीर जंतुसंसर्ग) पसरायची शक्यता जास्त असते. त्याच्या लसीबद्दल जाण्याच्या निदान महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.