वाचकांचे प्रश्न : चोरघंटीचा सेन्सर

प्रश्न (नागपूर) : आमच्या चोरघंटीचा पीआयआर सेन्सर हिवाळ्यात दारातून पाऊल टाकताच लागतो. मे महिन्यात दुपारी मात्र हॉलमध्ये तीन-चार पावले चालल्यावर लागतो, कधी लागतच नाही. सेन्सर खराब झाला का?

उत्तर : बहुधा नाही. पीआयआर म्हणजे ‘पॅसिव्ह इन्फ्रारेड’. हा सेन्सर स्वतः कसलेही किरण सोडत नाही आणि त्याला हालचाल म्हणून काही दिसतही नाही. त्याला फक्त उष्णतेतला फरक कळतो. आपल्या शरीरातून सतत अवरक्त किरण बाहेर पडत असतात आणि त्यांचा जोर साधारण ९ ते १० मायक्रॉन तरंगलांबीला सर्वांत जास्त असतो. डबीच्या आत एका छोट्या गोल धातूच्या टोपणात पायरोइलेक्ट्रिक (तापमान बदलले की विजेचा सिग्नल देणाऱ्या) पदार्थाचे दोन तुकडे शेजारी शेजारी, उलट्या ध्रुवांनी जोडलेले असतात. अख्खी खोली हळूहळू तापली तर दोन्ही तुकडे सारखेच तापतात आणि वजाबाकी शून्य येते. माणूस आडवा गेला की उष्णता आधी एका तुकड्यावर पडते, मग दुसऱ्यावर. सिग्नल वर जातो, खाली येतो आणि रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, सुटतो. त्यावरून पॅनलला (चोरघंटीच्या मुख्य पेटीला) अलार्म कळतो.

पुढचे दुधी प्लास्टिक म्हणजे फ्रेनेल लेन्स. ती खोलीचे हातपंख्याच्या घड्यांसारखे पट्टे पाडते. एक पट्टा दिसणारा, पुढचा न दिसणारा. तुम्ही पट्टे ओलांडता तेव्हा सेन्सर लागतो. म्हणून त्याच्यासमोरून आडवे चालणारा लगेच पकडला जातो आणि सरळ त्याच्या अंगावर चालत येणारा उशिरा.

आता मे महिना. त्वचेचे तापमान ३३-३४ अंश सेल्सिअस असते. हिवाळ्यात खोली २० अंशांवर असते, फरक मोठा असतो. बंद घरातली भिंत ३४-३५ अंशांवर गेली की माणूस आणि भिंत सेन्सरला जवळपास सारखेच दिसतात. चांगल्या सेन्सरमध्ये यासाठी ‘टेम्परेचर कॉम्पेन्सेशन’ असते. खोली शरीराच्या तापमानाजवळ आली की तो आपली संवेदनशीलता वाढवतो. विदर्भात राहणाऱ्यांनी हे नसलेला सेन्सर घेऊच नये, मग तो कितीही स्वस्त मिळो. बदलण्याआधी जागाही तपासा. दाराच्या बरोबर समोरच्या भिंतीवर असेल तर काढून बाजूच्या कोपऱ्यात लावा, म्हणजे आत येणारा माणूस पट्टे आडवे कापेल. उंची जमिनीपासून २.१ ते २.४ मीटर. मुख्य दारावर चुंबकी रीड स्विच (दार उघडून चुंबक दूर गेला की लागणारा) जरूर असू द्या. त्याला उन्हाळा-हिवाळा सारखाच.

प्रश्न (चिपळूण) : घरात कोणी नसताना रात्री सायरन वाजतो. मेकॅनिकने सेन्सर बदलला, तरी आठवड्यातून एकदा तरी वाजतोच. काय करावे?

उत्तर : सेन्सर बदलण्याआधी दोष सेन्सरमध्ये आहे की तारेत, हे ठरवायला हवे होते. ते सोपे आहे. पॅनल टेस्ट किंवा प्रोग्रॅमिंग मोडवर घ्या आणि सेन्सरची डबी उघडा. ‘एनसी’ आणि ‘सी’ या, म्हणजे रिलेच्या, टर्मिनलवरच्या दोन तारा काढून एकमेकींना जोडा. तिथे एण्ड-ऑफ-लाइन रेझिस्टर (तार शाबूत आहे हे पॅनलला कळावे म्हणून तारेच्या टोकाला लावलेला रोधक) बसवलेला असेल तर तो सर्किटमध्ये तसाच राहू द्या. टॅम्परची, म्हणजे डबी उघडल्याची सूचना देणाऱ्या तारांची, जोडी वेगळी असते, तिला हात लावू नका. डबी बंद करून यंत्रणा नेहमीसारखी चालू करा. तेवढे दिवस ती खोली राखणीविना आहे, हे लक्षात असू द्या. आठवडाभर तरी वाट पाहा. याच झोनचा (पॅनलला जोडलेल्या याच तारेचा) सायरन तरीही वाजला तर सेन्सर निर्दोष आहे, दोष तारेत किंवा पॅनलमध्ये. कोकणात पावसाळ्यानंतर पीळ मारून टेप गुंडाळलेले जोड हिरवे पडतात, क्षणभर संपर्क सुटतो आणि पॅनलला तो अलार्म वाटतो. असे जोड कापून टाका, डाग देऊन वर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवा.

सायरन थांबला, तर डबीच्या आत पाहा. तार आत येते त्या भोकातून मुंग्या आणि कोळी शिरतात. बारीक कोळीसुद्धा सेन्सरच्या अगदी जवळ असल्यामुळे अख्खे पट्टे झाकतो आणि हलला की माणसाइतका सिग्नल देतो. पाल बाहेरून लेन्सवर फिरली तरी तेच. तारेचे भोक सिलिकॉनने बुजवा. लेन्स मऊ कोरड्या कापडाने पुसा. स्पिरिट, थिनर वापरू नका, तिच्यावर कीटकनाशक मारू नका. टोपणाच्या छोट्या खिडकीला बोट लावू नका. लेन्स काढली असेल तर बसवताना रेघांची बाजू आत, गुळगुळीत बाजू बाहेर. उलटी बसली की पट्टे धूसर होतात आणि सेन्सरचा पल्ला घटतो.

शेवटी जागा : समोर ऊन येणारी खिडकी, हलणारा पडदा, फ्रीजची मागची बाजू किंवा इन्व्हर्टर नको. एवढे करूनही त्रास राहिला तर पल्स काउंटचा (किती सिग्नल आल्यावर अलार्म द्यायचा ते ठरवणारा) जंपर १ वरून २ वर न्या. हा उपाय सर्वांत शेवटी, कारण त्याने खरा चोरही उशिरा पकडला जातो.

प्रश्न (पुणे) : सेन्सर घरात, काचेच्या आड लावून बाल्कनीवर नजर ठेवता येईल का?

उत्तर : नाही. शरीराची उष्णता ज्या तरंगलांबीत येते ती साधी काच अडवते. काचेपलीकडच्या माणसासाठी हा सेन्सर आंधळा आहे. बाल्कनीसाठी बाहेर लावायचा, पावसापासून संरक्षित असलेला सेन्सरच हवा.

प्रश्न (ठाणे) : बिनतारी सेन्सर पहिल्यांदा लागतो, मग लगेच पुन्हा चालून पाहिले तर लागत नाही. बॅटरी गेली का?

उत्तर : बॅटरी वाचवण्यासाठी बरेच बिनतारी सेन्सर एकदा संदेश पाठवल्यावर काही काळ, अनेकदा तीन मिनिटांच्या आसपास, गप्प राहतात. तपासणीसाठी वॉक टेस्ट मोड (चालून सेन्सर तपासण्याची सोय) वापरा. तो नसेल तर खोली पूर्ण रिकामी ठेवून पाच मिनिटे थांबा आणि मग आडवे चाला; मधे कोणी फिरले तर काही मॉडेलमध्ये ही वेळ पहिल्यापासून मोजली जाते. नवी बॅटरी घातल्यावरही सेन्सर स्थिर व्हायला मिनिट-दोन मिनिटे लागतात, तेवढ्यात घेतलेली चाचणी धरू नका.