स्विच लाइटवर (निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा छोटा गेम कन्सोल) अधूनमधून अर्धा तास खेळायला 'विचर ३' घ्यावा की 'हेडीझ'?

'हेडीझ' घ्या. एक फेरी, म्हणजे सुरुवातीपासूनचा एक प्रयत्न, साधारण अर्ध्या तासात आटोपते आणि नव्या खोलीत शिरताना गेम आपोआप सेव्ह होतो. मधेच बंद केला तर फक्त त्या खोलीतली मारामारी पुन्हा करावी लागते. शिवाय तो बहुतेक वेळ सेकंदाला ६० फ्रेमवर (चित्रांवर) चालतो, त्यामुळे डॅश, म्हणजे हल्ला चुकवायची झटपट झेप, वेळेवर लागतो. 'विचर ३' स्विचवर बसवला हीच कमाल, पण हातात धरून खेळताना रिझोल्यूशन (चित्राची स्पष्टता) ५४०पीच्या आसपास, फ्रेम जास्तीत जास्त ३०, आणि गेममधल्या नोव्हिग्राड शहराच्या गर्दीत तेही अडखळतं. साडेपाच इंची स्क्रीनवर सामानाच्या यादीतली अक्षरं वाचताना डोळे ताणावे लागतात. मात्र स्टीम किंवा गॉगवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानांवर) घेतलेला 'विचर ३' अर्धवट सोडला असेल तर गोष्ट वेगळी; तिथला सेव्ह स्विचवर आणता येतो.