लेबल बनवते, व्हिडिओही टाकते, पण काम येत नाही

प्रश्न : मी नांदेडला घरून पाकिटांची लेबलं डिझाइन करते. यूट्यूबवर ‘लोगो कसा बनवावा’ असे व्हिडिओ टाकले. बघणारे पुष्कळ, काम कुणीच देत नाही. काय करू?

उत्तर : ताई, ते व्हिडिओ डिझाइन शिकणारी पोरं बघतात. ती तुम्हाला काम कशाला देतील? मी लातुरात छपाईच्या धंद्यात आहे, म्हणून सांगतो. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे इथला डाळमिलवाला, नाहीतर पापड-मसाल्याचा बचत गट. त्यांना फॉन्ट-बिंटचं काही पडलेलं नसतं. हजारो पाकिटं छापून आली आणि चूक निघाली तर, हा घोर असतो.

तेच दाखवा. तूरडाळीचं पाकीट हातात धरा, बोट ठेवून सांगा : माल शाकाहारी, म्हणून हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका, हा एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी नंबर, हे निव्वळ वजन, ही एमआरपी. तारखेची जागा फिकी ठेवायची, गडद रंगावर काळा शिक्का वाचता येत नाही. एवढं ऐकलं की मिलवाला म्हणतो, हिला कामातलं कळतं. शीर्षकही त्याच्या तोंडचंच द्या, ‘डाळीच्या पाकिटावर काय काय छापायचं?’

बोला आपल्या बोलीत. पुणेरी सूर कशाला लावायचा?

यूट्यूबच्या छोट्या व्हिडिओंच्या, म्हणजे शॉर्ट्सच्या, वर्णनातली लिंक 2023पासून दाबून उघडत नाही. धंद्याचा व्हॉट्सॲप नंबर पडद्यावरच ठळक ठेवा. आणि जुन्या गिऱ्हाइकाचं पाकीट दाखवण्याआधी त्याला विचारून घ्या.