१९६९ च्या कॅमॅरोच्या (शेव्हरोलेची गाडी) १:२५ मॉडेलची खालची बाजू पूर्ण काळी रंगवावी का?

नाही. काळा रंग फक्त पुढच्या सबफ्रेमला (इंजिन धरणारी चौकट) आणि कंट्रोल आर्म्सना (चाकं चौकटीला जोडणारे दांडे) द्या, तोही सेमी-ग्लॉस, म्हणजे कमी चमकीचा. या गाडीला सलग चासी नाही. पुढे बोल्टने जोडलेली सबफ्रेम आणि मागे बॉडीचाच पत्रा, त्यामुळे तळाला प्रायमरचा (रंगाआधीचा अस्तराचा थर) रंग हवा. बॉडी रंगवताना उडालेला फवारा कडांवर आत शिरलेला असतो. तो एअरब्रशने तिरका, अगदी हलका मारा. तळ खरा वाटतो तो यानेच. रिस्टोअर न केलेल्या मूळ गाड्यांच्या फोटोंत हे स्पष्ट दिसतं. बाकी भागांचे रंग असे:

- प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या ॲक्सलला फिरवणारा दांडा), लीफ स्प्रिंग (पट्ट्यांची स्प्रिंग): उघडं पोलाद. चकचकीत चांदी नको, गडद स्टीलच.
- मागच्या ॲक्सलचा मधला गोळा, ब्रेक ड्रम: ओतीव लोखंडाचा मळकट करडा.
- शॉक ॲब्सॉर्बर: करडे. १९६८ पासून मागचे दोन विरुद्ध बाजूंना आहेत, एक ॲक्सलच्या पुढे, एक मागे. किटमध्ये दोन्ही एकाच बाजूला असतील तर कापून बदला, मेहनत वाया जात नाही.

शेवटी लीफ स्प्रिंगच्या पट्ट्यांमध्ये पातळ काळा वॉश (पाण्यासारखा पातळ केलेला रंग) सोडा, म्हणजे पानं सुटी दिसतात. चिखल-गंज मात्र जपून: या मापात १ मिमीचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर २५ मिमी.

प्रायमरची छटा कारखान्याप्रमाणे बदलायची. कॅमॅरो अमेरिकेत नॉरवूड आणि व्हॅन नाइस अशा दोन ठिकाणी बनत होती, म्हणून ठरावीक गाडी करत असाल तर तिचेच फोटो आधी बघा.