पोळ्यांना मावशी लावा, मशीन घेऊ नका

डोंबिवलीहून एका वाचक ताईंनी विचारलंय: दोघांची नोकरी, हातात येणारा पगार मिळून १,१५,००० रुपये. घराचा हप्ता ३८,०००. घरात नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि सासूबाई. संध्याकाळी घरी पोचायला पावणेआठ होतात, त्यामुळे बाहेरून मागवणं वाढत गेलं आणि गेल्या तीन महिन्यांत बाहेरच्या खाण्यावर सरासरी १३,८०० रुपये गेले. आता घरात तीन मतं आहेत. ताईंना दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला मावशी लावायची आहे, त्या ९,००० सांगतात. डिशवॉशर आणि रोटी मेकर ‘विनाव्याज हप्त्यांवर’ घ्यावं असा नणंदेचा आग्रह आहे. यजमानांचं म्हणणं, बाहेरचं बंद करा आणि त्याच पैशातून महिना १०,००० ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) सुरू करा. यातलं काय करावं?

ताई, तुम्ही खर्चाची फोड करून पाठवलीत हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत ‘खूप खर्च होतो’ यापलीकडे काही नसतं. तुमच्या १३,८०० मध्ये महिन्यातून दोनदा सगळ्यांनी हॉटेलात जाण्याचे ३,६०० आहेत, आठवड्याच्या मधल्या रात्रींच्या १४ ऑर्डरींचे ७,२८०, यजमानांच्या ऑफिसातल्या १२ जेवणांचे २,१०० आणि उरलेलं किरकोळ. हॉटेलच्या ३,६०० ना मी हात लावणार नाही. मुलांना घेऊन महिन्यातून दोनदा बाहेर जाणं ही उधळपट्टी नव्हे.

आधी यजमानांचा हिशोब पाहू, कारण तो दिसायला सगळ्यात सरळ आहे आणि तिथेच चूक आहे. बाहेरचं बंद केलं म्हणजे ते सगळे पैसे वाचले असं होत नाही. त्या रात्री घरातही जेवायचंच असतं. सासूबाईंना सोडून चौघांची ऑर्डर सरासरी ५२० ला पडते. तिच्याऐवजी पाच जणांची मुगाची खिचडी आणि कढी धरा: तांदूळ २१, मूगडाळ २१, तूप २२, गाजर-मटार-फ्लॉवर २५, फोडणी आणि मसाला ८, कढीचं दही २८, पापड २०, गॅस ५. झाले १५० रुपये. म्हणजे एका रात्रीमागे ३७० वाचतात. चौदाच्या चौदा ऑर्डरी बंद होतील असं मी धरत नाही, दहा धरतो. ३,७०० झाले. यजमान बारापैकी आठ दिवस डबा नेतील आणि त्यात दर दिवशी १३० वाचतील असं धरलं तर आणखी १,०४०. एकूण ४,७४०. दहा हजारांची एसआयपी यातून निघत नाही. निघेल असं धरून सुरू केलीत, तर तिसऱ्या महिन्यात हप्ता चुकेल आणि घरात वाद होईल तो वेगळाच.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात जाता जाता आली आहे आणि माझं लक्ष तिथे अडलं. क्रेडिट कार्डावर २८,००० थकलेत आणि दोन महिने तुम्ही फक्त ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम भरताय. तुमच्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के आहे. म्हणजे ९८० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून महिना साधारण १,१५६ रुपये जातात. वर, मागची बाकी पूर्ण भरलेली नसली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. खरेदी केल्या दिवसापासून मीटर चालू. त्याच कार्डावरून मागवलेली बिर्याणी ५२० ची राहत नाही. तेव्हा मावशी, मशीन, एसआयपी या सगळ्याच्या आधी हे काम: बचत खात्यात ४०,००० आहेत म्हणता, त्यातून २८,००० आजच भरून टाका. बचत खातं वर्षाला जेमतेम अडीच-तीन टक्के देतं आणि कार्ड वर्षाला चाळीसच्या घरात घेतं. हातात १२,००० च उरतील, याची धास्ती वाटेल. त्याचंही बघू.

मशीनचा विषय थोडक्यात संपवतो. डिशवॉशर ४२,००० चं, १२ हप्ते, हप्ता ३,५००. ‘विनाव्याज’ म्हणजे बँक व्याज घेतेच, दुकानदार तेवढी सूट किमतीत देतो. सोळा टक्क्यांनी धरलं तर त्यात सुमारे ३,४०० व्याज असतं आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६०० च्या वर, तुमच्या बिलात येतो. प्रोसेसिंग फी निराळी. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट बहुधा हातची जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला हे नणंदबाईंचं म्हणणं खरं आहे. पण भांड्यांना तुमच्याकडे १,२०० रुपयांत बाई येतातच. तुमचं अडतंय ते भांडी घासण्यापाशी नाही, गॅससमोर उभं राहण्यापाशी. रोटी मेकरचं म्हणाल तर कणीक त्यालाही विशिष्ट सैलसरच लागते, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्या घरी तो माळ्यावर दिसतो. हे माझं मत समजा.

उरला मावशींचा प्रश्न, आणि इथे मला थोडं सविस्तर लिहायचंय.

नऊ हजार महिना म्हणजे वर्षाला १,०८,०००. दिवाळीला एक पगार द्यावाच लागतो, आणि द्यावाच. तो धरून महिना ९,७५० पडतात. बाहेरच्या ऑर्डरी आणि ऑफिसातलं जेवण शंभर टक्के बंद झालं तरी वाचतात ६,७४०. म्हणजे उत्तमातल्या उत्तम परिस्थितीतही महिना ३,००० खिशातून. आता तुमचा वेळ धरा. तुम्ही लिहिता, सव्वापाचला उठता आणि सकाळ-संध्याकाळ मिळून सव्वादोन तास स्वयंपाकात जातात. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५८ तास. तीन हजारांत ५८ तास, ताशी ५२ रुपये. हे महाग नाही, उलट स्वस्त आहे. एवढ्यावर थांबलो असतो तर ‘लावा मावशी’ म्हणून मोकळा झालो असतो.

पण त्या सव्वादोन तासांत नेमकं काय चालतं ते पाहा. तुमच्याच हिशोबाने रोजच्या बावीस पोळ्या, कणीक भिजवण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत, सत्तर मिनिटं घेतात. वरण-भात, भाजी, कोशिंबीर, बाकी सगळं मिळून पासष्ट. फक्त पोळ्यांना येणाऱ्या मावशी तुमच्या बाजूला ३,००० घेतात, दिवाळीचा पगार धरून ३,२५०. सकाळी सहाला येऊन दोन्ही वेळच्या पोळ्या करून जातात. आता खाण्यातली बचत वजा न करता नुसता पगार पाहा: ३,२५० रुपयांत महिन्याचे ३० तास सुटतात, ताशी १०८ रुपये. उरलेले २८ तास सोडवायला आणखी ६,५०० मोजावे लागतात, ताशी २३२. पूर्ण स्वयंपाकाचा भाव एकगठ्ठा पाहिला की हा फरक दिसत नाही. पहिला निम्मा भाग स्वस्त, दुसरा दुपटीहून महाग. म्हणून माझा सल्ला: पोळ्यांपुरत्या मावशी लावा, बाकी स्वयंपाक घरात ठेवा.

मावशी मिळेपर्यंत किंवा त्यांच्या सुट्टीच्या दिवशी जवळचं पोळी-भाजी केंद्र आहेच. दहा रुपयांची एक पोळी धरली तरी रात्रीच्या दहा पोळ्यांचे शंभर. हा खर्च ‘बाहेरचं’ म्हणून मनाला लावून घेऊ नका.

आता उरलेली पासष्ट मिनिटं. मला वाटतं ती पस्तीस-चाळीसवर येतील, आणि त्यासाठी लागणारं मशीन तुमच्या घरात आहे. प्रेशर कुकरमध्ये पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं, सगळा वेळ तिथेच वाचतो. शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा. मोठ्या गॅसवर शिट्ट्यांवर शिट्ट्या काढून आतलं तापमान वाढत नाही, गॅस तेवढा जातो. सासूबाई बाहेरचं खात नाहीत, त्यांच्यासाठी ऑर्डरीच्या रात्रीही मऊ भाताचा कुकर लागतोच असं तुम्ही लिहिलंय. मग त्याच कुकरात पाच जणांचं का नको? एक तीन लिटरचा दुसरा कुकर घ्या, दीड-दोन हजारांत येईल. एकात वरण-भात, दुसऱ्यात उसळ. या सगळ्या प्रकरणात नवी खरेदी म्हणून मी एवढीच मान्य करतो.

रात्री पावणेआठला दमून दारात आल्यावर ‘आज काय करू’ हा प्रश्न पडला की हात फोनकडे जातो. तो प्रश्न रविवारी सोडवून ठेवा. कांदा आणि सुकं खोबरं खरपूस भाजून, आलं-लसूण घालून पाणी न घालता वाटण करा आणि चार लहान डब्यांत भरा, दोन फ्रीजरमध्ये. शनिवारी सकाळी मटकी भिजवली, रात्री फडक्यात बांधली की रविवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात, फ्रिजमध्ये तीनेक दिवस चांगली राहते. मेथी निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सोमवारी खिचडी-कढी, मंगळवारी मटकीची उसळ, बुधवारी मेथी नाहीतर पिठलं, गुरुवारी वाटण घातलेली अंडाकरी आणि सासूबाईंना साधं वरण. भाजणीचा डबा भरलेला असला की थालीपिठाची एक रात्र निघतेच. शुक्रवारी मागवा. खरंच मागवा. महिन्याच्या चार ऑर्डरी मी हिशोबात ठेवल्या आहेत त्या याच.

आणि एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या पत्रातल्या तिन्ही पर्यायांत पैसे कुठे जातील ते आहे, पण यजमान ओट्यापाशी उभे आहेत असा पर्याय एकही नाही. ते साडेसातला घरी येतात, तुमच्या आधी पंधरा मिनिटं. तांदूळ-डाळ धुऊन कुकर चढवायला पंधरा मिनिटं पुरतात. सासूबाईंना गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही, पण बसून मेथी निवडायची त्यांची तयारी आहे असं तुम्हीच म्हणता. नऊ वर्षांचा मुलगा काकडी सोलू शकतो. याचा ताशी दर शून्य आहे, म्हणून आर्थिक सल्लागाराने बोलू नये असं थोडंच आहे?

किराण्याचं एक सांगून ठेवतो. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवर कोथिंबिरीची जुडी मागवायला गेलं की पिशवीत चिप्सही येतात. तुमच्या फोडीतलं ‘किरकोळ’ मला त्यातलंच दिसतं. महिन्याचं सामान यादी करून एकदाच भरा. ठाण्याच्या बाजूला मुंबई ग्राहक पंचायतीचे संघ आहेत. १९७५ पासून ही संस्था सभासद कुटुंबांसाठी एकत्र खरेदी करते. महिन्याची यादी आगाऊ द्यायची आणि सामान संघातल्या एका घरी येतं, तिथे सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचं. यादी आगाऊ द्यावी लागते हाच तिचा मोठा फायदा, ऐनवेळी काही टाकता येत नाही.

तर आकडे असे जुळतात. खाण्यातले ४,७४० वाचले, त्यातून पोळ्यांच्या मावशींचे ३,२५० गेले, उरले १,४९०. त्यात कार्डाचं वाचलेलं व्याज ढोबळ १,१५० मिळवा. महिना २,६४०. लक्षात घ्या, यातला जवळजवळ निम्मा भाग स्वयंपाकघराबाहेर वाचलाय. हे पैसे वर्षभर आवर्ती ठेवीत घाला. शिल्लक १२,००० धरून वर्षअखेर ४३,००० च्या वर होतील, घराचा एक हप्ता पगाराविना भरता येईल एवढे. त्यानंतर एसआयपी. मुलीसाठी सुकन्या समृद्धीचं खातं मात्र आत्ताच उघडून ठेवा. दहा वर्षांच्या आत उघडावं लागतं, आणि वर्षाला २५० रुपये भरले तरी ते चालू राहतं.

शेवटचा मुद्दा तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलाय, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. तुम्ही अकाउंट्समध्ये आहात आणि शेजारच्या दोन दुकानदारांचं जीएसटी रिटर्नचं काम वेळ नाही म्हणून नाकारलंत. प्रत्येकी २,५०० महिना, दोघांचं मिळून सोळा तासांचं काम. ताशी ३१२ रुपये होतात. पोळ्यांचे तीस तास सुटले की त्यातले आठ तास एका दुकानदाराला देता येतील, तेव्हा एकालाच आधी हो म्हणा. काम ११ आणि २० तारखेच्या आसपास गोळा होतं, त्या दोन-तीन रात्री केंद्रातून भाजीही आणा. सहा महिने ते नीट चाललं आणि दुसराही आला, तर मला परत लिहा. तुमचा तास ३१२ ला विकला जात असताना ताशी २३२ देऊन मावशींना पूर्ण स्वयंपाक सोपवणं परवडेल, आणि तेव्हा मी हरकत घेणार नाही.