बीए झाल्यावर पुण्यात एलएलबी करतोय, क्रिमिनल साइडला जायचंय, इंटर्नशिप कुठे करू?

सगळ्यात आधी एक सांगतो, इंटर्नशिप ही नुसती सर्टिफिकेटसाठी करू नकोस. बार कौन्सिलच्या नियमाने ३ वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि ५ वर्षांच्या कोर्सला २० आठवडे करावीच लागते, पण बरीच मुलं मोठ्या फर्मच्या एसीत बसून ते आठवडे भरतात आणि क्रिमिनलचं काहीच शिकत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तू शिवाजीनगर कोर्टात ट्रायल करणारा वकील गाठ, छोटा असला तरी चालेल. मी पहिले पंधरा दिवस फक्त बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघून तारखा डायरीत लिहायचो आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला केसमध्ये काय झालं त्याची कोर्टाची नोंद) वाचायचो, तेव्हा कंटाळा यायचा पण केस कुठे अडकते ते तिथेच कळलं. एकदा रिमांडला आणलेल्या पोराची आई बाहेर डबा घेऊन उभी होती, वकील नव्हता, तिला माहीतच नव्हतं की कस्टडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच आहे ते. म्हणून एक महिना तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात काढच.

आणि हो, सीनियरच्या जुन्या नोट्सवर जाऊ नको, १ जुलै २०२४ पासून आयपीसी (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा), सीआरपीसी (तपास आणि खटल्याच्या पद्धतीचा कायदा) यांच्या जागी न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता आल्यात, त्याआधीचे गुन्हे मात्र अजून आयपीसीखालीच चालतात, त्यामुळे दोन्ही कलमं पाठ पाहिजेत.