सोलर जिओइंजिनिअरिंगने आपला पाऊस कमी होईल का, आणि हे कॉम्प्युटर मॉडेल सांगू शकतं का?

तुम्ही विचारलंय की सोलर जिओइंजिनिअरिंग करून, म्हणजे आकाशात उंच सल्फरचे कण सोडून थोडं ऊन परत फिरवलं आणि पृथ्वी थंड केली तर आपल्याकडच्या पावसाचं काय होईल, आणि मॉडेलवर किती विश्वास ठेवायचा. मी नाशिकला कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि दोन वर्षं झाली, रात्री वेळ मिळेल तसा हाच डेटा घेऊन बसतो. सगळ्या पृथ्वीचं विचारलंत तर मॉडेल बरंच काही नीट सांगतं, नाशिकचं विचारलंत तर नाही, आणि या दोन्हींची गल्लत होते तेव्हा मला खरंच काळजी वाटते.

१९९१ ला फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला आणि पुढे वर्षभर जगाचं तापमान साधारण अर्धा डिग्री उतरलं. पण ज्वालामुखीचे कण दोनेक वर्षांत खाली येतात, तेच दरवर्षी पन्नास वर्षं करत राहिलो तर काय होईल हे मॉडेलमध्येच बघावं लागतं.

जिओएमआयपी नावाच्या प्रकल्पात अनेक देशांच्या मॉडेलना एकच गणित दिलं होतं. कार्बन डायऑक्साइड चौपट करा आणि तापमान जागेवर येईल इतकं ऊन कमी करा. तापमान आलं जागेवर, पण जगाचा सरासरी पाऊस मात्र चार-पाच टक्के घटला, कारण ऊन कमी झालं की समुद्रावरून वाफच कमी उठते, आणि कार्बन डायऑक्साइडने हवेत केलेला बदल काही त्याने पुसला जात नाही. मान्सूनच्या भागांतही पाऊस घटलेलाच दिसला. म्हणजे तापमान आणि पाऊस दोन्ही एकाच वेळी पूर्वीसारखे करता येत नाहीत, आणि हे एवढ्या वेगवेगळ्या मॉडेलनी सांगितलंय की मी ते मानतो. कण फक्त उत्तर गोलार्धात सोडले तर पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो आणि आफ्रिकेतल्या साहेलमध्ये दुष्काळ पडतो, हेही मॉडेलमध्ये दिसलंय.

म्हणून अमेरिकेतल्या एनकार या हवामान संशोधन संस्थेच्या ग्लेन्स या मॉडेलमधल्या प्रयोगात १५ आणि ३० अंश उत्तर, १५ आणि ३० अंश दक्षिण अशा चार ठिकाणी कण सोडले, आणि दरवर्षी तापमान बघून कुठे किती सोडायचं ते प्रोग्रामच ठरवत गेला. हाच प्रयोग २० वेळा चालवलाय (अशा एका वेळेला 'रन' म्हणतात), दर वेळी सुरुवातीला नगण्य फरक ठेवून.

आता नाशिक. त्या मॉडेलचा एक चौकोन साधारण १०० बाय १३० किलोमीटरचा. मी पहिल्यांदा लॅपटॉपवर नकाशा मोठा करत करत आपल्यापाशी आलो तर समोर एका रंगाचा चौकोन, जवळपास अख्खा जिल्हा मावेल एवढा. इगतपुरीत तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथून ५० किलोमीटरवर सिन्नरला जेमतेम पाचशे-सहाशे, पण मॉडेलमध्ये घाट नाही, घाटाआडचा कोरडा भाग नाही, सगळ्याची मिळून एकच सरासरी. वर त्या चौकोनाचा एका दशकाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस काढला तर काही रनमध्ये वाढलेला, काही रनमध्ये घटलेला.

माझे मामा निफाडला द्राक्षं करतात, त्यांनी विचारलं, "मग गारपीट वाढेल का रे?" मी सांगितलं, मामा, गारांचा ढग काही किलोमीटरचा असतो, या चौकोनात तो दिसतच नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर येणारा अवकाळी पाऊस, त्याने येणारा डाउनी हा द्राक्षांवरचा रोग, ज्यावर त्यांचं वर्ष ठरतं त्यातलं जवळजवळ काहीच या नकाशात नाही.

त्यामुळे "जिओइंजिनिअरिंगने महाराष्ट्रात पाऊस इतका टक्के कमी होणार" असा आकडा कुणी फेकला तर आधी विचारा, किती मॉडेल, किती रन, आणि कण कुठे सोडले होते. आणि मध्येच थांबवलं तर काय, हेही विचारा, कारण मॉडेलमध्ये कण सोडणं बंद केलं की दबलेली सगळी गरमी दहा-वीस वर्षांत परत येते, आणि एवढ्या वेगाने शेती बदलणं कुठल्याच शेतकऱ्याला जमणार नाही.

ग्लेन्सचा डेटा फुकट डाउनलोड होतो. थोडं पायथॉन येत असेल तर महिन्यांच्या पावसाच्या फाइलपासून सुरू करा, फाइली मोठ्या आहेत, आधी फक्त भारताचा तुकडा कापून घ्या. अडलं तर कमेंटमध्ये विचारा.